बॉस म्हंजे नक्की कोण? एका डच शब्दाची लांबलचक गोष्ट

रिक्षावाल्याला आपण म्हणतो "बॉस, जरा डावीकडे घ्या", टपरीवरचा पोरगा आपल्याला म्हणतो "बॉस, सुट्टे द्या ना", जुना मित्र भेटला की "काय बॉस, गायबच झालास", आणि ज्याच्या हातात आपलं अप्रेझल असतं त्या खऱ्याखुऱ्या बॉसला मात्र तोंडावर कधीच बॉस म्हणत नाही, तिथे आपोआप "सर" येतं. म्हंजे ज्याला बॉस म्हणतो तो बॉस नसतो आणि जो असतो त्याला म्हणत नाही. मला आधी वाटायचं हा आपलाच मुंबई-पुण्याचा चावटपणा असेल, पण या शब्दाची कुंडली बघितली तर त्याचं पहिल्यापासून असंच आहे. लोकांना एक दुसराच शब्द तोंडातून काढायचा नव्हता, म्हणून हा शब्द चालला.

तर पहिली गोष्ट, बॉस हा शब्द मुळात इंग्रजी नाहीच. तो डच आहे, म्हंजे हॉलंडवाल्यांचा, आणि तिकडे त्याचा उच्चार बास, लांब आ लावून. अर्थ साधा, मालक किंवा कारागिरांचा मुख्य. आजही हॉलंडमधे हा शब्द रोजच्या वापरात आहे, बाई बॉस असेल तर तिला बाझिन म्हणतात, आणि कुत्र्याच्या मालकाला लाडाने बास्ये, म्हंजे छोटा बॉस, म्हणतात. (ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना माहितीये की तिथे खरा बॉस कोण असतो, पण ते असो.) इंग्रजी लिखाणात हा शब्द १६२० च्या दशकात पहिल्यांदा दिसतो तो डच जहाजाच्या कप्तानाची पदवी म्हणून. आपल्या कोळीवाड्यात नाखवा म्हणतात ना, तसंच काहीसं. नाखवा पण बाहेरून आलेला, फारसी नाखुदा, म्हंजे नावेचा धनी. समुद्रावरचे शब्द असेच बंदरा-बंदरातून फिरत राहतात. डच लोक आपल्याकडे पण आले होते बरं का, सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. पण आपला बॉस त्या वखारीतून आलेला नाही, तो खूप लांबचा वळसा घालून, अमेरिका फिरून, इंग्रजीच्या पाठीवर बसून आला.

हा वळसा कसा ते बघू. १६०९ साली हेन्री हडसन नावाचा इंग्रज खलाशी डच कंपनीची नोकरी करत आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथल्या नदीत शिरला, नदीला पुढे त्याचंच नाव पडलं, आणि मग डचांनी तिथे वसाहत टाकली, मॅनहॅटन बेटावर गाव वसवलं आणि नाव ठेवलं न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ मधे इंग्रजांनी ते हिसकावून घेतलं आणि न्यूयॉर्क केलं. राज्य गेलं पण शब्द राहिले, जसं पोर्तुगीज मुंबईतून गेले तरी आपल्याकडे पाव, बटाटा, चावी, बादली सगळं ठेवून गेले. ब्रुकलिन, हार्लेम ही मूळ हॉलंडमधल्या गावांची नावं. आपण चहात बुडवतो ती कुकी डच, बर्गरसोबत येतं ते कोलस्लॉ डच, सांताक्लॉज तर त्यांचा सिंटरक्लास. आणि या सगळ्या पसाऱ्यात एक बॉस. अमेरिकेतल्या इंग्रजीत तो १६४० च्या दशकापासून सापडतो, कामगारांवर देखरेख करणारा माणूस या अर्थाने.

आता खरा प्रश्न. इंग्रजीत मालकाला शब्द नव्हता का? होता की, चांगला दणदणीत मास्टर होता. इंग्लंडमधे सुताराच्या हाताखालचा पोरगा सुताराला मास्टर म्हणायचा, घरातला नोकर मालकाला मास्टर म्हणायचा, कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. मग अमेरिकेतल्या गोऱ्या कामगाराला एक परका डच शब्द कशाला हवा होता? कारण अमेरिकेत गुलामी होती, आणि मास्टर म्हंजे गुलामाचा मालक. रोजंदारीवर काम करणारा गोरा माणूस म्हणायचा की मी काम करतो, पैसे घेतो, संध्याकाळी घरी जातो, मी कोणाचा गुलाम नाही, मग मी याला मास्टर का म्हणू? तेवढ्यात शेजारचे डच लोक वापरत होते तो शब्द हाताशी सापडला, ज्याला इंग्रजी कानाला कुठलाच वास नव्हता. झालं. काम तेच, हुकूम तोच, पगार कापणारा तोच, फक्त नाव बदललं आणि मानेचा ताठा टिकला.

याचा एक मस्त किस्सा चार्ल्स जॅन्सन नावाच्या इंग्रज प्रवाशाने १८०७ मधे लिहून ठेवलाय. तो अमेरिकेत ओळखीच्या एका गृहस्थाच्या घरी गेला, दार उघडलं कामाच्या मुलीने. याने विचारलं, मास्टर घरी आहेत का? ती म्हणाली, मला कोणी मास्टर नाही. मग तू इथे राहत नाहीस का? राहते की. मग तू कोण? तर म्हणे मी अमुकअमुकांची मदत आहे. नोकर नाही, मदत! आणि पुढे तिने ठणकावून सांगितलं की नोकर फक्त काळे लोक असतात. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण बॉस या शब्दाला नुसतं "वा, काय समतावादी शब्द" म्हणून आपण टाळ्या वाजवणार असू तर जरा थांबायला हवं. त्या मुलीचा स्वाभिमान खरा होता, पण तो उभा होता काळ्या माणसाच्या खांद्यावर. मला मास्टर नको कारण मास्टर "त्यांना" असतो, असा तो हिशेब.

आणि ही पळवाट तेव्हाच्या लोकांच्या लक्षात आली नव्हती असं पण नाही. जेम्स फेनिमोर कूपर, तिकडचा मोठा कादंबरीकार आणि वाढला न्यूयॉर्क राज्यात, म्हंजे डच शब्दांच्या अगदी शेजारी, त्याने १८३८ मधे चिडून लिहिलं की आपले लोक मास्टर म्हणायला लाजतात आणि त्याऐवजी बॉस म्हणतात, पण अरे डच भाषेत त्याचा अर्थ नेमका तोच आहे! बिचाऱ्याचं भाषाशास्त्र बरोबर होतं, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. शब्दाचा मूळ अर्थ काय यापेक्षा तो तोंडात घेताना आपल्याला कसं वाटतं यावर शब्द चालतात. आपण नाही का, "मोलकरीण" सोडून "ताई", "मावशी", "मदतनीस" वर आलो? पगार किती वाढवला ते वेगळं.

आता इथे थोडं बाजूला जातो कारण मास्टर शब्दाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या शब्दाला अमेरिकन कामगार एवढा घाबरला तो आपल्याकडे आला आणि त्याचं काय झालं? मास्तर! टोपी घातलेले, हातात छडी असलेले, महिनाअखेर उसनवारी करणारे मास्तर. आणि शिलाई मशीनवरचे टेलर मास्तर. गुलामांचा धनी कुठे आणि "मास्तर, पँट दोन इंच आल्टर करा" कुठे. मूळ लॅटिन शब्द माजिस्टर, त्यात माजिस म्हंजे जास्त, म्हणून माजिस्टर म्हंजे वरचा, मोठा. तोच पोर्तुगीजमधे मेस्त्र झाला, तिथून आपला मिस्त्री, गोव्याकडे मेस्त. तोच इंग्रजीत मास्टर, आणि झिजून झिजून मिस्टर. म्हंजे शाळेतले मास्तर, फर्निचर करणारा मिस्त्री आणि लग्नपत्रिकेवरचा मिस्टर अँड मिसेस मधला मिस्टर, हे सगळे एकाच आजोबांची नातवंडं. याहून भारी म्हंजे लॅटिनमधे माजिस्टरच्या बरोबर उलटा शब्द होता मिनिस्टर, त्यात मिनुस म्हंजे कमी, म्हणून मिनिस्टर म्हंजे खालचा, सेवक, हाताखालचा माणूस. तोच आज लाल दिव्याच्या आठवणीने हळहळणारा मिनिस्टर. आपला मंत्री शब्द निदान सल्ला देणारा या अर्थाचा आहे, त्यांचा तर सरळ सरळ गडी आहे.

आणि मास्टरची ती जुनी अडचण अजून संपलेली नाहीये. आयटीत काम करणाऱ्यांना आठवत असेल, २०२० मधे गिटहबने, म्हंजे प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या वेबसाइटने, नव्या रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) मुख्य ब्रँचचं नाव मास्टर काढून मेन केलं, आणि मग आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत किती जणांच्या स्क्रिप्टा फाटल्या असतील देव जाणे. तेव्हा "हे काय फालतू खूळ" म्हणणारे भरपूर होते. पण १८०७ ची ती दार उघडणारी मुलगी आठवली की कळतं, हे खूळ दोनशे वर्षं जुनं आहे.

आता याच शब्दाची दुसरी वाट बघा, ती जास्त काळी आहे. डच कंपनीने १६५२ मधे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊन वसवलं. तिथे डच भाषेची पुढे आफ्रिकान्स झाली आणि बास शब्द तिथेही राहिला, पण तिथे तो मास्टर टाळायला नाही आला, तो स्वतःच मास्टर झाला. काळ्या माणसाने गोऱ्या माणसाला, मग तो मालक असो नसो, ओळखीचा असो नसो, बास म्हणायचं. म्हाताऱ्या मालकाला ओऊबास, म्हंजे मोठे बास, आणि मालकाच्या शेंबड्या पोराला क्लेनबास, म्हंजे धाकटे बास. साठीच्या गड्याने दहा वर्षांच्या पोराला बास म्हणायचं (आपल्याकडे गावच्या वाड्यांवर "धाकले सरकार" चालायचं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको). पुढे तर या शब्दाचं सरकारी धोरणच झालं, बासस्काप, म्हंजे बासपणा, गोऱ्यांचं वर्चस्व. १९५४ ते १९५८ दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान असलेले स्ट्रेडम हे उघडपणे बासस्कापचं समर्थन करायचे, लपवाछपवी नाही. आणि रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गोऱ्या पहारेकऱ्यांना कैद्यांकडून बास ऐकायचं असायचं, मंडेला आणि त्यांच्या सोबत्यांनी ते म्हणायला नकार दिला. म्हंजे अमेरिकेत एक माणूस "मी मास्टर म्हणणार नाही, बॉस म्हणेन" म्हणून ताठ उभा राहतो आणि आफ्रिकेत दुसरा माणूस "मी बास म्हणणार नाही" म्हणून ताठ उभा राहतो, आणि शब्द एकच.

तिसरी वाट आपल्या अगदी जवळची, श्रीलंकेची, आणि मला सगळ्यात आवडलेली. तिथे किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं, १६५८ पासून १७९६ पर्यंत. त्यांनी किल्ले बांधले, गोदामं बांधली, त्यासाठी सुतार-गवंडी लागले, आणि त्या कारागिरांच्या मुख्याला बास म्हणायची पद्धत पडली. डच गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, तरी आज श्रीलंकेत घर बांधायचं असलं की लोक बासला बोलावतात. बास म्हंजे तिथे गवंडी किंवा सुतार, आदराने म्हणायचं तर बास उन्नहे, म्हंजे आपलं मिस्त्रीकाका समजा. म्हंजे बघा, पोर्तुगीजांचा मास्टर आपल्याकडे थापी घेऊन परांचीवर उभा राहिला आणि डचांचा बास लंकेत थापी घेऊन उभा राहिला. दोन्हीकडे एकच झालं, साहेबी शब्द उतरून हातात कसब असलेल्या माणसाकडे आला. आणि घराचं काम काढलेल्या कोणालाही विचारा, मिस्त्रीने उद्या येतो म्हटलं आणि आला नाही तर आपण काय करू शकतो? काही नाही. तोच बॉस.

गवंड्यावरून आठवलं, अमेरिकेतला सगळ्यात बदनाम बॉस पण एका गवंड्यापायी गोत्यात आला असं म्हणायला हरकत नाही. विल्यम ट्वीड, लोक म्हणायचे बॉस ट्वीड. न्यूयॉर्कमधे टॅमनी हॉल नावाची राजकीय संघटना होती, ती याच्या खिशात. नव्याने आलेल्या आयरिश लोकांना काम द्यायचं, अडीनडीला मदत करायची, मतं घ्यायची, आणि कंत्राटं आपल्या माणसांना. (पुढचं सांगायला नको, आपल्याला पाठ आहे.) कोर्टाची एक इमारत बांधायला काढली तर बिलं एवढी फुगली की दोन दिवसांच्या प्लास्टरच्या कामाचे एका गवंडीकाम ठेकेदाराला सुमारे १,३३,००० डॉलर दाखवले. तेव्हाचे डॉलर! थॉमस नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने याची ढेरपोट्या चित्रं काढून काढून त्याला हैराण केलं. १८७३ मधे शिक्षा झाली, पुढे दुसऱ्या एका खटल्यात आत असताना १८७५ मधे पळाला, थेट स्पेन गाठलं, आणि तिथे पकडला गेला तो नॅस्टच्या व्यंगचित्रावरून चेहरा ओळखून. १८७८ मधे तुरुंगातच गेला. ट्वीडनंतर बॉस शब्दाला एक नवीन छटा कायमची चिकटली, खुर्चीवर कोण बसलंय ते महत्त्वाचं नाही, चालतं कोणाचं ते महत्त्वाचं. आपण "पद नाही पण शब्द चालतो" म्हणतो तो माणूस. तिथून मग माफियाचे बॉस वगैरे आलेच.

बाकी छोट्या छोट्या वळणांची यादी मोठी आहे, दोन-तीन सांगतो. मळणीयंत्रावर एक बॉस धान्य आत घालणाऱ्यांवर लक्ष ठेवायचा आणि दुसरा मागून पडणाऱ्या काडावर, त्या दुसऱ्याला म्हणायचे स्ट्रॉ बॉस, काडाचा बॉस, म्हंजे अधिकार नसलेला, नुसती वटवट करणारा मधला माणूस. शब्द जुना झाला पण माणूस प्रत्येक ऑफिसात आहे, सहसा त्याच्या पदनामात असिस्टंट आणि मॅनेजर दोन्ही असतं. बॉसी हा शब्द १८८० च्या आसपासचा, आणि तो जास्त करून बायकांवरच फेकला जातो, त्यावरून २०१४ मधे अमेरिकेत फेसबुकच्या तेव्हाच्या बड्या अधिकारी शेरिल सँडबर्ग यांनी हा शब्दच बंद करा अशी मोहीम काढली होती. मुलगा पुढाकार घेतो तर लीडर, मुलगी घेते तर बॉसी. मराठीत आपण तिला "आगाऊ" म्हणतो, तेव्हा हसू नका. आणि गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला लोक द बॉस म्हणतात, ते कशामुळे, तर सुरुवातीच्या काळात कार्यक्रम संपला की क्लबवाल्याकडून पैसे घेऊन बँडमधल्या पोरांना वाटायचं काम हा करायचा. म्हंजे पगार वाटतो तो बॉस, अगदी मूळ अर्थाला धरून. त्याचं आडनाव पण डच आहे हे आणखी एक.

एक घोळ मात्र काढून टाकू. लग्नपत्रिकेवर उठावदार अक्षरं छापतात त्या एम्बॉसमधला बॉस हा नाही. तो वेगळा, जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याचा अर्थ उंचवटा, टेंगूळ. आणि परफ्यूमच्या बाटलीवरचा ह्यूगो बॉस हे कपडे शिवायचा कारखाना काढणाऱ्या एका जर्मन माणसाचं सरळ नाव आहे. म्हंजे मास्तरच.

आता बास शब्द त्याच्याही आधी कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाहीये. एक मत असं की जुन्या जर्मनमधे बासा म्हंजे आत्या, आणि म्हणून बासचा मूळ अर्थ काका-मामा असा काहीतरी नात्यातला असावा. हे सगळ्यांना पटत नाही, पण मला मराठी माणूस म्हणून ते ऐकून अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण आपल्याकडे सत्तेचे निम्मे शब्द घरातूनच उचललेले आहेत. दादा, भाऊ, भाई, अण्णा, आबा, ताई, आणि गल्लीतल्या फ्लेक्सवर "भावी" लावून यातलं काहीही. उरलेले बाहेरचे, साहेब अरबीतून, ज्याचा मूळ अर्थ सोबती, बरोबरचा माणूस. ऊसतोडीचा मुकादम पण अरबी, पुढे ठेवलेला. सोबती होता होता साहेब कसा झाला हे ज्याच्याबरोबर कॉलेजला डबा खाल्ला आणि जो नंतर आपला मॅनेजर झाला असा मित्र असलेल्यांना विचारा.

यावरून एक योगायोग सांगतो. बिग ब्रदर नावाचा रिॲलिटी शो १९९९ मधे पहिल्यांदा आला तो हॉलंडमधेच. २००६ मधे तो हिंदीत आला तेव्हा ब्रदरचा बॉस झाला, आणि २०१८ पासून मराठीत पण बिग बॉस. म्हंजे शो डच, आणि नाव भारतात आल्यावर बदललं तर त्यात नेमका शब्द कुठला आला, तर डच. आणि त्यांनी नाव नुसतं भाषांतर करून मोठा भाऊ ठेवलं असतं तरी मराठीत अर्थ तोच झाला असता की.

मराठीने या शब्दाला जी एक सोय करून दिलीय ती मात्र इंग्रजीतही नाही आणि डचमधेही नाही. क्रियापद. केबिनचं दार वाजलं की शेजारचा हळूच म्हणतो "बॉस आला", आणि तेच बॉस ऐकण्याच्या अंतरात असतील तर "बॉस आलेत". बाई असेल तर दार लागेपर्यंत "मॅडम आल्या" आणि लागल्यावर "आली का ती". शब्द तोच ठेवून आपण नुसत्या शेपटावरून सांगतो की त्या माणसाबद्दल आपल्याला खरं काय वाटतं. माझ्या पहिल्या नोकरीत एक म्हातारे हेडक्लार्क होते, ते साहेब आले की उठून उभे राहायचे, नमस्कार करायचे, साहेब आत गेले की खुर्चीत बसत समोरच्या शिपायाला म्हणायचे, "बॉस, चहा सांग रे."